रूपकात न बसणारे सात

प्रश्न : माझी मुलगी पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन शिकते. तिच्या शिक्षकांनी तिला पांचो व्लादिगेरोव या बल्गेरियन संगीतकाराची ‘रचेनित्सा’ ही व्हायोलिन-पियानोची रचना ऐकायला दिली. मी हौशी तबलावादक. सवयीनं मांडीवर ठेका धरायला गेलो, तर त्रितालात बसेना, दादऱ्यातही बसेना. मोजल्या तर मात्रा सात निघाल्या. मग रूपक धरला, तोही दोन आवर्तनांत हातातून निसटला. म्हणून विचारतो : युरोपच्या अभिजात संगीतात या सात मात्रा आल्या कुठून? आपल्याकडून तिकडे गेल्या का? हे व्लादिगेरोव कोण? आणि एवढा चांगला संगीतकार आपल्या कानावर कसा नाही आला?
— एक वाचक, मिरज

उत्तर : तुम्ही मोजलेले सात बरोबर आहेत आणि रूपक न बसणंही बरोबर आहे. सात मात्रांची विभागणी दोन्हीकडे वेगळी आहे, एवढाच फरक. रूपकाचा ठेका तुम्हाला पाठ आहे : तीं तीं ना, धीं ना, धीं ना. म्हणजे तीन-दोन-दोन. रचेनित्सा चालते दोन-दोन-तीन अशी. आता एक गंमत करून बघा. रूपकाचा तोच ठेका चौथ्या मात्रेपासून म्हणायला लागा : धीं ना, धीं ना, तीं तीं ना. बोल तेच, क्रमही तोच, फक्त सुरुवातीची जागा बदलली. हा झाला रचेनित्साचा साचा.

तरीही सुरुवातीला हात अडखळेल, कारण लय फार द्रुत आहे. या वेगात सात मात्रा सुट्या मोजायला वेळच मिळत नाही. बल्गेरियन माणूस त्या मोजतही नाही, तो पावलं टाकतो. त्याच्या लेखी रचेनित्साच्या एका आवर्तनात तीन पावलं असतात : छोटं, छोटं, मोठं. मोठं पाऊल छोट्याच्या दीडपट. आपल्या तालात मात्रा हे माप असतं आणि सगळ्या मात्रा सारख्या असतात. तिथे पाऊल हे माप आहे आणि पावलं दोन लांबीची आहेत. मात्रांचा हिशेब सोडून तीन पावलं ऐकायला लागलात की ठेका आपोआप हातात येईल.

मग हे सात आपल्याकडून गेले का?

नाही. व्लादिगेरोव यांनी ते स्वतःच्या मुलखातल्या नाचातून घेतले. रचेनित्सा हा बल्गेरियाचा अत्यंत लाडका लोकनृत्यप्रकार. हातात रुमाल घेऊन तो नाचतात आणि लग्नात तर तो हवाच. अशा विषम लयींचं तिथे मोठं गोत आहे. ‘पायदुश्को’ पाच मात्रांचा, दोन-तीन. ‘दायचोवो’ नऊ मात्रांचा, दोन-दोन-दोन-तीन. ‘कोपानित्सा’ अकरा मात्रांचा, दोन-दोन-तीन-दोन-दोन. एकमेकांचे हात धरून साखळीनं नाचणारी माणसं, सोबतीला गायदा, कावाल, गादुल्का आणि तुपान म्हणजे पिशवीचा पावा, लांब बासरी, उभी धरून वाजवायची छोटी सारंगी आणि मोठा ढोल. या माणसांना अकरा मात्रा अवघड आहेत असं कुणी सांगितलेलंच नसतं.

अवघड वाटलं ते कागदावर उतरवणाऱ्यांना. बल्गेरियन संगीतकार दोब्री ख्रिस्तोव यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या लयींची शिस्तशीर मांडणी केली. हंगेरीचे बेला बार्टोक हे लोकसंगीताचे केवढे मोठे अभ्यासक! पण या लयींची ओळख पटल्यावर त्यांनाही आपली आधीची काही स्वरलेखनं पुन्हा तपासावी लागली. जे गायकाचं मागंपुढं होणं वाटलं होतं, ती मुळात लयच निघाली. ‘मिक्रोकॉसमॉस’ या पियानोसंग्रहाच्या शेवटी त्यांनी बल्गेरियन लयीतली सहा नृत्यं लिहिली. बार्टोक यांच्या कानाला जे सहज सापडलं नाही, त्यात तुमचा हात दोन आवर्तनं टिकला, हे काही कमी नाही.

आता एवढं लक्षात ठेवा, की बार्टोक या लयीकडे बाहेरून आले आणि व्लादिगेरोव यांच्या ती लहानपणापासून कानावर होती. त्यांच्या संगीतातला सगळा फरक इथून सुरू होतो.

हे व्लादिगेरोव कोण?

पांचो व्लादिगेरोव यांचा जन्म 13 मार्च 1899 रोजी स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये झाला. ते जुळे. त्यांचा जुळा भाऊ ल्युबेन पुढे व्हायोलिनवादक झाला, पांचो पियानोकडे वळले. घरात व्हायोलिन-पियानोची जोडी लहानपणीच जमली. त्यांनी व्हायोलिनसाठी इतक्या आपुलकीनं का लिहिलं, याचं एक उत्तर या घरात आहे. वडील खारालान व्लादिगेरोव बल्गेरियन वकील, आई एलिझा पास्तरनाक रशियन ज्यू कुटुंबातली डॉक्टर. ‘डॉक्टर झिवागो’ लिहिणारे बोरिस पास्तरनाक याच गोतातले.

मुलं वाढली ईशान्य बल्गेरियातल्या शुमेन या गावात. गाव साधं नव्हे. बल्गेरिया तेव्हा जवळजवळ पाच शतकांच्या ऑटोमन सत्तेतून नुकताच, म्हणजे 1878 मध्ये, मोकळा झाला होता. त्याच्याही आधी, हंगेरीतला 1848-49 चा उठाव मोडला गेला, तेव्हा त्या उठावाचे नेते लायोश कोशुत आणि त्यांच्यासोबतचे निर्वासित काही काळ शुमेनमध्ये राहिले. त्यांच्यातल्याच मिहाय शाफ्रान या वादकानं 1851 मध्ये तिथे वाद्यवृंद उभा केला. बल्गेरियातला तो पहिला वाद्यवृंद. म्हणजे या गावात पाश्चात्त्य वाद्यमेळाची सवय अर्धशतकापासून मुरत होती. आणि गावाबाहेरच्या मैदानात रचेनित्सा होतीच. व्लादिगेरोव यांनी पुढे, 1934 मध्ये, पियानोच्या सहा छोट्या रचनांचा संच लिहिला आणि त्याला नाव दिलं ‘शुमेन’.

वडील 1908 मध्ये वारले. आई मुलांना घेऊन 1910 मध्ये राजधानी सोफियाला आली. तिथे पांचो दोब्री ख्रिस्तोव यांच्याकडे रचनाशास्त्र शिकू लागले, ज्यांनी त्या विषम लयींची मांडणी केली तेच ख्रिस्तोव. हे नाव ध्यानात ठेवा, ते परत येणार आहे. 1912 मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर दोघे भाऊ बर्लिनला गेले. वय वर्षं तेरा.

बर्लिनमध्ये पाउल युऑन यांच्यासारखे गुरू मिळाले. तरुण वयातच मेंडेलसोन पारितोषिक दोनदा मिळालं, 1918 आणि 1920 मध्ये. त्यांचा पहिला पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची मोठी रचना, 1918 चा. बल्गेरियन संगीतकारानं लिहिलेला तो पहिलाच पियानो कॉन्चेर्टो. व्हायोलिनच्या बाबतीतही पहिला मान त्यांचाच : 1921 मध्ये गुस्ताव हावेमान यांनी त्यांचा व्हायोलिन कॉन्चेर्टो बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर वाजवला आणि संचालन केलं फ्रिट्झ रायनर यांनी. बावीस वर्षांच्या मुलाच्या वाट्याला हे भाग्य आलं.

पण त्यांची खरी शाळा झाली ती नाटकाच्या थिएटरात. मॅक्स राइनहार्ट हे त्या काळातले जर्मन रंगभूमीचे सर्वांत मोठे दिग्दर्शक. त्यांच्या डॉइचेस थिएटरमध्ये व्लादिगेरोव यांनी 1932 पर्यंत सुमारे बारा वर्षं संगीतकार आणि संचालक म्हणून काम केलं. संगीत नाटकांची परंपरा माहीत असलेल्या मिरजकराला मी वेगळं काय सांगू? नाटकात संगीताला मुद्द्यावर यावंच लागतं. पडदा उघडला की पहिल्या चार सुरांत हवा तयार झाली पाहिजे आणि पात्र बोलायला लागलं की सुरांनी वाट दिली पाहिजे. स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्ग यांच्या ‘स्वप्ननाटका’साठी केलेल्या संगीतातून व्लादिगेरोव यांची ‘स्कँडिनेव्हियन सुईट’ तयार झाली. वाद्यांचे रंग झटक्यात बदलण्याची, श्रोत्याला पहिल्याच क्षणी धरून ठेवण्याची त्यांची हातोटी या थिएटरातली आहे.

‘वर्दार’ची गोष्ट

बर्लिनच्या याच दिवसांत, 1922 मध्ये, त्यांनी व्हायोलिन-पियानोसाठी ‘वर्दार’ ही बल्गेरियन ऱ्हॅप्सडी लिहिली. 1928 मध्ये ती पूर्ण वाद्यवृंदासाठी बांधली. त्यांची सर्वांत लोकप्रिय रचना हीच. वर्दार ही मॅसेडोनियातली नदी, दक्षिणेला ग्रीसमध्ये उतरून एजियन समुद्राला मिळणारी. मॅसेडोनिया त्या काळातल्या बल्गेरियन माणसाच्या काळजाचा विषय होता. त्यामुळे नुसत्या नावानंच ऐकणाऱ्याच्या आत काहीतरी हलायचं. रचना सुरू होते एका रुंद, ताठ मानेच्या सुरावटीनं. मध्ये नाच येतात, व्हायोलिन उड्या घेतं, आणि शेवटी तीच सुरावट पूर्ण तेजानं परत येते.

ही मुख्य सुरावट लोकगीताची आहे अशी व्लादिगेरोव यांची समजूत होती. पुढे कळलं की ती लोकगीताची नाहीच. ती दोब्री ख्रिस्तोव यांनी रचलेल्या एका देशभक्तिपर गीताची चाल. म्हणजे खुद्द त्यांच्या गुरूंची!

मला या घटनेत चूक दिसत नाही. शिष्य परदेशात बसलाय, घरची सुरावट मनात घोळतेय, ती कुणाची याचा विचारही त्याच्या मनात येत नाही. गुरूनं रचलेली चाल लोकांच्या तोंडी इतकी रुळली की शिष्यालाही ती मातीतूनच उगवलेली वाटली. गुरूला याहून मोठी दक्षिणा कोणती द्यायची? आपल्याकडेही एखाद्या अभंगाची चाल पिढ्यान्‌पिढ्या म्हटली जाते, आणि ती कुणीतरी, कधीतरी बसवली होती हे कुणाच्या ध्यानात राहत नाही. कुणीतरी बांधलेलीच चाल हजार तोंडांतून गेली, की तिच्यावरचं नाव पुसलं जातं. ती मग सगळ्यांची होते.

व्लादिगेरोव यांचं संगीत मला आवडतं ते याचसाठी. लोकसंगीत त्यांनी कच्चा माल म्हणून वापरलं नाही. शहरी श्रोत्याला सोयीचं जावं म्हणून सातचे आठ केले नाहीत. हार्मनी, वाद्यांचे रंग, पियानोची सगळी श्रीमंती त्यांनी बर्लिनमध्ये कमावली, आणि ती रचेनित्साच्या पायाशी ठेवली. तिसरं पाऊल लांब ते लांबच राहिलं.

मग हे नाव आपल्या कानावर का नाही?

1932 मध्ये ते बर्लिन सोडून सोफियाला परतले. पुढच्याच वर्षी जर्मनीत नाझी सत्तेवर आले आणि ज्यू असलेल्या राइनहार्ट यांनाही जर्मनी सोडावी लागली. सोफियात व्लादिगेरोव संगीत अकादमीत शिकवू लागले, 1933 मध्ये समकालीन संगीताच्या संस्थेच्या स्थापनेत पुढे राहिले, आणि 1936 मध्ये त्यांचा ‘झार कालोयान’ हा ऑपेरा रंगमंचावर आला. 1205 मध्ये क्रुसेडर सैन्याचा पराभव करणाऱ्या बल्गेरियन राजाची ही कथा.

मग युद्ध आलं. बल्गेरिया जर्मनीच्या बाजूनं होता. 1941 मध्ये तिथे ज्यूविरोधी कायदा लागू झाला. आई ज्यू असलेल्या माणसाला त्या दिवसांत झोप कशी लागत असेल! 1943 च्या मार्चमध्ये ज्यूंना छळछावण्यांकडे पाठवण्याची तयारी झाली होती. संसदेचे उपसभापती दिमितर पेशेव, सोफिया आणि प्लोवदिवचे धर्मगुरू आणि सामान्य नागरिक यांच्या विरोधामुळे ती थांबली, आणि देशातले सुमारे 48,000 ज्यू वाचले. पण बल्गेरियाच्या ताब्यातल्या मॅसेडोनिया आणि थ्रेसमधल्या 11,000 हून अधिक ज्यूंना कुणी वाचवलं नाही. त्यांना ट्रेब्लिंकाच्या छळछावणीत नेऊन मारलं गेलं. त्यांतले कितीतरी वर्दारकाठच्या स्कोप्येचे होते. व्लादिगेरोव यांनी युद्धानंतर वाद्यवृंदासाठी ‘ज्यू कविता’ ही रचना लिहिली. ‘वर्दार’ ऐकलीत की नंतर तीही ऐका.

याच काळातली त्यांच्या एका शिष्याची हकिगत सांगतो. अलेक्सिस वाइसनबर्ग हा ज्यू मुलगा लहानपणापासून व्लादिगेरोव यांच्याकडे शिकत होता. 1941 मध्ये आईबरोबर तुर्कस्तानकडे पळून जाताना दोघं पकडले गेले आणि त्यांना छावणीत ठेवण्यात आलं. त्यांच्याजवळच्या थोड्याशा सामानात एक जुना अकॉर्डियन होता. मुलगा त्यावर शुबर्ट वाजवायचा आणि पहाऱ्यावरचा एक जर्मन अधिकारी ऐकत राहायचा. काही महिन्यांनी एके दिवशी त्याच अधिकाऱ्यानं मायलेकांना घाईघाईनं स्टेशनवर नेलं, इस्तंबूलच्या गाडीत बसवलं, अकॉर्डियन खिडकीतून आत टाकला आणि शुभेच्छा देऊन तो निघून गेला. वाइसनबर्ग स्वतः ही आठवण सांगत. पुढे ते विसाव्या शतकातले नामांकित पियानोवादक झाले.

आता तुमचा प्रश्न. 1944 नंतर बल्गेरिया सोव्हिएत गटात गेला. व्लादिगेरोव तिथेच राहिले, शिकवत राहिले, लिहीत राहिले. शेवटपर्यंत पाच पियानो कॉन्चेर्टो झाले, दोन व्हायोलिन कॉन्चेर्टो झाले. पण पोलादी पडद्याआडच्या संगीतकाराच्या स्वरलिप्या, ध्वनिमुद्रिका आणि मैफली पश्चिमेकडे फारशा पोचत नव्हत्या, आणि आपल्याकडे पाश्चात्त्य संगीत यायचं ते लंडनमार्गे. दुसरं कारण त्यांच्या शैलीचं. युद्धानंतरच्या युरोपात सुरावट मोडणारं, प्रयोगशील संगीत प्रतिष्ठेचं ठरलं. व्लादिगेरोव मात्र भरगच्च, गोड, रंगीत सुरावटीवरच ठाम राहिले. पूर्वेकडचे म्हणून आडबाजूला आणि जुन्या वळणाचे म्हणून मागे, असं दोन्हीकडून झालं. लाझार निकोलोव आणि कोन्स्तान्तिन इलिएव यांच्यासारखे नव्या वाटेचे संगीतकार त्यांच्याच वर्गातून बाहेर पडले, हे मात्र विसरू नये. आपल्यासारखंच लिहिणारे शिष्य तयार करणं सोपं असतं. वेगळं लिहिणारे तयार करायला मोठं मन लागतं.

व्लादिगेरोव 8 सप्टेंबर 1978 रोजी सोफियात वारले. सोफियातली राष्ट्रीय संगीत अकादमी आज त्यांच्या नावानं ओळखली जाते. शुमेनमध्ये त्यांचं घर संग्रहालय म्हणून जपलंय आणि तरुण पियानोवादक व व्हायोलिनवादकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा तिथे त्यांच्या नावानं होते.

आपल्याकडे येणारा एक धागा

सात मात्रा आपल्याकडून गेल्या का, या तुमच्या प्रश्नाला मी ‘नाही’ म्हटलं. पण व्लादिगेरोव यांच्या वर्गातून निघालेली एक वाट पुढे आपल्या तालाला जाऊन भेटली खरी. प्लोवदिवचे मिल्चो लेविएव हे त्यांचे रचनेचे शिष्य. पुढे ते जॅझकडे वळले आणि 1970 च्या सुमारास देश सोडून अमेरिकेत जॅझवादक डॉन एलिस यांच्या वाद्यवृंदात पियानो वाजवू लागले. एलिस विषम लयींसाठी प्रसिद्ध. त्या लयी ते कुठे शिकले होते? लॉस एंजेलिसमध्ये, रविशंकर यांचे शिष्य हरिहर राव यांच्याकडे. दोघांनी मिळून ‘हिंदुस्थानी जॅझ सेक्स्टेट’ काढलं होतं. लेविएव यांच्या पायांत रचेनित्सा, एलिस यांच्या हातात आपले ताल. दोघंही एकाच मंचावर, आणि कुणालाच सातचे आठ करायचे नव्हते.

ऐकायला कुठून सुरुवात करावी?

मुलीकडे असलेली ‘रचेनित्सा’ बहुधा 1925 च्या ‘दोन बल्गेरियन पॅराफ्रेझ’मधली असेल. त्या जोडीतली पहिली रचना ‘होरो’ आहे, तीही ऐका. त्यानंतर ‘वर्दार’, आधी व्हायोलिन-पियानोची, मग वाद्यवृंदाची. एकच सुरावट दोन वाद्यांच्या खोलीतून मोठ्या मैदानात आली की काय होतं ते कळेल. पुढे 1931 ची ‘सात बल्गेरियन सिंफनिक नृत्यं’ आणि सवड असेल तेव्हा 1937 चा तिसरा पियानो कॉन्चेर्टो. त्यांच्या वाद्यवृंदाच्या रचना त्यांचे चिरंजीव अलेक्सांद्र व्लादिगेरोव यांच्या संचालनाखाली मुद्रित झालेल्या मिळतात. ती वडिलांची लय मुलानं सांभाळलेली आहे, म्हणून त्याच आधी ऐका.

आणि तुमच्या मुलीसाठी एक सूचना. उद्या तिला रचेनित्सा बसवायची असेल, तर ती एक चूक हमखास करील. समान मात्रांवर वाढलेले सगळेच करतात. तिसरं पाऊल घाईनं उचललं की सातचे सहा होतात, त्यावर जरा विसावलं की आठ होतात. दोन्ही ऐकायला चालून जातात, आणि दोन्हीत रचेनित्सा मरते. तिनं सराव करताना तुम्ही शेजारी बसा. तबला नको, मांडी पुरे. चौथ्या मात्रेपासून रूपक धरा, आधी विलंबित, मग वाढवत न्या, आणि तिसऱ्या पावलाचा शेवटचा ‘ना’ पूर्ण वाजेपर्यंत तिला पुढे जाऊ देऊ नका. शुमेनच्या अंगणातला नाच तुमच्या घरी शिकवायला त्या एका ‘ना’पेक्षा जास्त काही लागणार नाही.